लेकरासारखे म्हणजे कसे?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणी ख्रिस्ती आहेत मला ठाऊक नाही. बहुतेकजणी नसतील. पण ‘देवावर लहान मुलासारखा विश्वास ठेवावा’ हे वाक्य तुम्हीही कुठे ना कुठे ऐकले असेलच. कीर्तनात ऐकले असेल, आजीच्या तोंडून ऐकले असेल. आमच्या मंडळीत तर ते महिन्यातून एकदा तरी कानावर पडते, कारण ते खुद्द येशूचेच सांगणे. ऐकायला किती गोड वाटते! आणि लगेच डोळ्यांसमोर कॅलेंडरावरचे ते चित्र उभे राहते. गुबगुबीत गालांची मुलगी, पांढरा झगा, हात जोडलेले, डोळे मिटलेले.

खरं सांगू? त्या चित्राचा मला जरा रागच येतो. ते काढणाऱ्याच्या घरी मुले नसावीत. माझ्या घरी दोन आहेत, थोरला अकरा वर्षांचा आणि धाकटी सहाची. शिवाय सकाळचे साडेतीन तास मी एका शाळेच्या शिशुवर्गाला शिकवते, तिथे बत्तीस. हात जोडून डोळे मिटणारी मुले मी रोज पाहते. त्यातली निम्मी एक डोळा किलकिला करून शेजारच्याच्या डब्यात काय आहे ते बघत असतात. मूल म्हणजे मागणारे, रुसणारे, दहा वेळा ‘का?’ विचारणारे, नाही म्हटले की जमिनीवर लोळण घेणारे. मग ‘लेकरासारखे व्हा’ म्हणणाऱ्या येशूला यातले नेमके काय हवे होते? हा प्रश्न मला गेली दोन वर्षे सोडत नाही. त्याला कारणही तसेच घडले. पण आधी माझ्या शाळेतले सांगते.

जूनचा पहिला आठवडा तुम्ही कुठल्याही शिशुवर्गाच्या दारात येऊन पाहा. नुसता आकांत! कुणी आईची ओढणी सोडत नाही, कुणी बाईंच्या हाताला चावते. नव्या आया मला घाबरून विचारतात, ‘‘बाई, आमचाच एवढा का हो रडतो? शेजारचा बघा, मुकाट्याने आत गेला.’’ मी त्यांना सांगते, रडतोय त्याची काळजी करू नका. आईवर ज्याची भिस्त आहे ते मूल आई निघाली की भोकाड पसरणारच. बाराला आई दारात दिसली की तेच धावत सुटते, दोन हुंदके देते, कडेवर चढते आणि पाचव्या मिनिटाला हसायला लागते. मुकाट्याने आत जाणारी काही मुले मुळातच धीट असतात. पण काही अशी असतात की आई न्यायला आली तरी मान वर करून बघत नाहीत. मला काळजी वाटते ती त्यांची.

हे काही माझ्या पदरचे शहाणपण नव्हे. बी.ए.ला मानसशास्त्र हा माझा एक विषय होता. मेरी एन्सवर्थ नावाच्या बाईंनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला आया आणि तान्ही मुले यांचे फार बारकाईने निरीक्षण केले. आई खोलीबाहेर गेली तर मूल काय करते, त्याहीपेक्षा ती परत आल्यावर काय करते, हे त्या बघत. परत आलेल्या आईकडे झेपावणारे, तिच्या कुशीत शांत होणारे मूल हे भरवशाचे नाते असलेले, असे त्यांना दिसले. आईकडे पाठ फिरवून खेळत राहणारी काही मुले वरवर समजूतदार वाटतात. पुढे १९७०च्या दशकात अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले, तर ते शांत नव्हतेच. म्हणजे आतून कालवाकालव होतीच. फक्त आईला दाखवून उपयोग नाही असे ती बिचारी शिकलेली होती.

तेव्हा विश्वास म्हणजे न रडणे नव्हे, एवढे तरी मला शिशुवर्गाने शिकवले आहे.

आता शुभवर्तमानातल्या त्या गोष्टीकडे वळू. लोक येशूकडे आपली लेकरे घेऊन आले, त्याने त्यांच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून. शिष्य त्यांना दटावू लागले. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही ही हकिगत लिहून ठेवली आहे. आणणारे कोण होते ते तिघांनीही लिहिलेले नाही, पण आपल्याला काय सांगायला हवे? लूकने तर अगदी तान्ह्या बाळांचा शब्द वापरला आहे, आणि तान्ही बाळे कुणाच्या कडेवर असतात! शिष्यांनी दटावल्याचे पाहून येशू रागावला आणि त्याने त्या मुलांना जवळ घेतले. मला गंमत याची वाटते की तिथल्या एकाही लेकराने काही केलेले नाही. त्यांनी प्रार्थना म्हटली नाही, वचन पाठ करून दाखवले नाही, विश्वास असल्याची कबुली दिली नाही. बहुधा त्यांतली दोन-तीन रडतच असतील. ती फक्त उचलून आणली गेली.

दुसऱ्या एका प्रसंगी शिष्यांमध्ये वाद चालला होता, आपल्यात मोठा कोण? तेव्हा येशूने एका मुलाला मधोमध उभे केले. त्या काळात मुलाला मान ना मत. घरात सर्वांत शेवटी ज्याचा नंबर, ते मूल. तेव्हा ‘लेकरासारखे व्हा’ हे भोळे व्हा, प्रश्न विचारू नका, अशा अर्थाने तो म्हणालाच नव्हता. मोठेपणाची भांडणे सोडा, असे म्हणाला होता. पण चर्चमध्ये काय किंवा इतरत्र काय, हे वाक्य बहुतेक वेळा वापरले जाते ते समोरच्याला गप्प बसवायला. त्यातून आपण बायका समोर असलो, की विचारायलाच नको.

आता आमच्या घरचे सांगते. सांगावे की नाही असे बरेच दिवस मनात होते. ‘ह्यांना’ विचारले, तर म्हणाले, ‘‘लिही. कुणाला उपयोग झाला तर झाला.’’

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचे कळले. वय एकेचाळीस. रक्तदाब बरीच वर्षे वाढलेला होता आणि तो आतल्या आत काय करत होता याचा पत्ता नव्हता. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. प्रत्येक वेळी चार तास. मनगटापाशी शस्त्रक्रिया करून एक शीर दुसरीला जोडली आहे, तिला फिस्टुला म्हणतात. दर वेळी तिथे दोन जाड सुया टोचतात. एकीतून रक्त मशिनीत जाते, दुसरीतून धुऊन परत येते. सरकारच्या महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होतात म्हणून आमच्यासारख्यांचे निभते. त्या जोडलेल्या शिरेवर हात ठेवला की आत सारखे घुमत असते. आमच्या धाकटीने त्याला ‘पप्पांची मधमाशी’ असे नाव ठेवले आहे. शाळेतून आली की आधी दप्तर फेकते आणि मधमाशी बोलतेय का ते बघते. ती घुमणे म्हणजे शीर चालू असणे. सिस्टरने शिकवलेली ही तपासणी आमच्या घरी सहा वर्षांची मुलगी रोज न चुकता करते.

स्वयंपाकघराचे तर सारे गणितच बदलले. दिवसाला पाणी एक लिटर, त्यात चहा, आमटी, ताक सगळे आले. मे महिन्यात नगरच्या उन्हात एक लिटर पाणी म्हणजे काय, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचे, मग फोडणी. भाजीचे पाणी फेकू नका, त्यात सत्त्व असते, असे मासिकांतून आजवर वाचत आलेली मी! पण ह्यांच्या बाबतीत त्या पाण्यात पोटॅशियम उतरते आणि ते गेलेलेच बरे. ते शरीरात साठले तर हृदयावर बेतते. (एक विनंती करून ठेवते. किडनीच्या आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे आणि केळी नेऊ नका. प्रेमाने नेता हे कळते, पण त्यांना ते विषासारखे असते.)

माझी किडनी द्यायची माझी तयारी होती, पण रक्तगट जुळत नाही. सासूबाईंना मधुमेह. तेव्हा पुण्याच्या प्रत्यारोपण केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव घातले आणि थांबलो. थांबणे हा शब्द केवढा लहान आहे, नाही?

अशातच एका संध्याकाळी एक प्रार्थना घेणारे गृहस्थ आमच्याकडे आले. आमच्या मंडळीतले नव्हेत, कुणीतरी भल्या मनाने त्यांना आणले होते. त्यांनी डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली आणि मग समोर बसून ह्यांना म्हणाले, ‘‘भाऊ, देवाने तुम्हांला बरे केले आहे. आता फक्त लेकरासारखा विश्वास पाहिजे. लेकरू बापाने उडी मार म्हटले की मारते, खाली बघत नाही. त्या सुया, ते मशीन सोडा. मशिनीवर भरवसा ठेवायचा आणि देवावरही, असे दोन्ही चालत नाही.’’

मी चहा घेऊन आत येत होते. कपबशी हातातच राहिली.

डायलिसिस सोडले की माणूस साधारण आठवडा-दोन आठवडे काढतो, हे मला पहिल्याच महिन्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. मी ट्रे खाली ठेवला आणि त्यांना म्हटले, ‘‘भाऊसाहेब, मंदिराच्या कळसावरून उडी मार, देवदूत झेलतील, असे येशूला कुणी सांगितले होते आठवते का? आणि तेही शास्त्रातले वचन काढून?’’ ते काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘ताई, तुमच्या अविश्वासामुळे भावाचे बरे होणे अडले आहे.’’ आणि चहा न घेताच उठले.

ते गेले, पण त्यांचे वाक्य घरात राहिले. रात्री जेवताना हे हळूच म्हणाले, ‘‘एक वेळ चुकवून बघू या का? मंगळवारचीच फक्त.’’ मैत्रिणींनो, त्यांना दोष देऊ नका. महिन्याला चोवीस-सव्वीस वेळा त्या सुया टोचून घेणाऱ्या माणसाला कुणी देवाच्या नावाने सुटका देऊ केली तर मन वळणारच. मी एवढेच विचारले, ‘‘धाकटीला लस द्यायला नेली तेव्हा ती कुणाच्या मांडीवर बसली होती?’’ ते म्हणाले, ‘‘माझ्या.’’ ‘‘सुई टोचली तेव्हा तिने काय केले?’’ ‘‘मलाच घट्ट धरून रडली.’’ पुढे मी काही बोलले नाही. पण झोप दोघांनाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांच्या कानावर हे गेले. ते काही उपदेश करायला आले नाहीत. मंगळवारी सकाळी सहाला रिक्षा घेऊन दारात उभे राहिले, ह्यांच्याबरोबर गेले, चार तास बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले आणि परत घेऊन आले. मला वाटते, त्या वर्षातले त्यांचे सर्वांत चांगले प्रवचन तेच.

त्यानंतर मी हट्टाने बायबल पुन्हा वाचायला घेतले, लेकरू कुठे कुठे येते ते शोधायला. आणि एका रात्री स्तोत्र १३१ वर येऊन थबकले. तीनच ओव्यांएवढे ते स्तोत्र. यरुशलेमेला यात्रेला चढून जाताना म्हणायची जी पंधरा स्तोत्रे आहेत त्यांतले. लहानपणापासून ऐकलेले होते, पण त्यातला एक शब्द मी आई झाल्यानंतरच खऱ्या अर्थाने वाचला. देवाजवळ शांत झालेल्या जिवाला तिथे लेकराची उपमा आहे, पण कुठल्या लेकराची? पीत असलेल्या नव्हे, तर अंगावरचे तुटलेल्या.

आपणा बायकांना यावर टीप लागत नाही. अंगावरचे तोडणे म्हणजे काय असते, ते जिने केले तिलाच माहीत. आमची धाकटी दोन वर्षांची होऊन गेली तरी सोडायला तयार नव्हती. सासूबाईंनी कोरफडीचा गर लावायला सांगितला, शेजारच्या मावशींनी कडुलिंबाचा पाला वाटून दिला. पहिल्या रात्री तिने तोंड लावले, कडू लागले, माझ्याकडे असे बघितले की जणू मी दुसरीच कुणी बाई आहे. मग रडली. आतड्याला पीळ पडेल असे रडली. दुसऱ्या रात्री मला मारले. लहानशा मुठींनी, रागाने. तिला काय कळणार मी का नाही म्हणते ते? आजवर जिने कधी नाही म्हटले नाही तीच आज नाही म्हणत होती. तिसऱ्या रात्रीही रडणे झालेच, पण उशिरा. आणि चौथ्या की पाचव्या रात्री ती स्वतःहून आली, पदर ओढला नाही, काही मागितले नाही. माझ्या छातीवर डोके ठेवले आणि झोपून गेली. ज्या छातीने नाही म्हटले तिच्यावरच.

मला त्या रात्री काय वाटले ते लिहिता येत नाही. तोपर्यंत ती माझ्याकडे दुधासाठी येत होती. त्या रात्रीपासून माझ्यासाठी आली.

स्तोत्र लिहिणाराने, की लिहिणारीने, नेमके हेच लेकरू निवडले आहे. ते दाविदाच्या नावावर आहे, पण ते एखाद्या बाईचे असावे असे काही अभ्यासकांना वाटते, आणि मला तर ते लगेच पटले. पुरुषाला हा फरक सुचणे जरा अवघडच! तेव्हा शास्त्रातले शांत लेकरू हे ज्याला कधी काही नाकारलेच गेले नाही असे नाही. ते नकार पचवून आलेले आहे. रडून, मारून, रुसून झाल्यावर आलेले आहे.

येशूचेही तसेच, म्हणायला धीर होतो. ‘अब्बा’ हा त्याच्या मायबोलीतला शब्द तुम्ही ऐकला असेल. घरातला शब्द, बापाला हाक मारायचा. लहान मुलेच नव्हे, मोठी माणसेही वडिलांना तशीच हाक मारत. चारही शुभवर्तमानांत मिळून तो शब्द येशूच्या तोंडी एकदाच आलेला आहे, मार्कमध्ये. आणि तो कुठे? गेथशेमानेच्या बागेत, अटक होण्याच्या रात्री, हा प्याला माझ्यापासून दूर कर असे तो विनवतो तिथे. प्याला दूर झाला नाही. म्हणजे सगळ्यांत लडिवाळ हाक ज्या प्रार्थनेत आहे, तीच नाकारली गेलेली प्रार्थना. त्या गृहस्थांना हे कुणी सांगावे, की त्याचा विश्वास कमी पडला म्हणून?

तुम्ही म्हणाल, ही बाई फार प्रश्न विचारते. तर मग आमच्याच महाराष्ट्रातल्या एका बाईचे नाव घेते, जिने माझ्या शंभरपट प्रश्न विचारले. पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८चा. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. व्रते, उपास, तीर्थयात्रा सगळे करून गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता ही विधवा परक्या देशात, जोगिणींच्या आश्रयाला. मुकाट्याने सांगतील ते मानून राहिली असेल असे वाटेल. छे! सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली छापला. तो वाचताना मला घाम फुटला. त्रैक्य म्हणजे काय, हे सिद्ध कशावरून, चर्चचा अधिकार मी का मानायचा, प्रत्येक गोष्टीवर वाद. एका पुरोहितवर्गाच्या हुकमतीतून सुटून दुसऱ्याच्या हुकमतीखाली जायला ही बाई तयार नव्हती. जेराल्डीनबाई वैतागल्या, तिला हट्टी आणि अहंकारी ठरवून मोकळ्या झाल्या. मला मात्र त्या पत्रांतून एक लेकरूच दिसते. ‘का?’ विचारणारे, पण घर सोडून न जाणारे.

आणि पुढे याच बाईने काय केले? १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो अनाथ मुली आणि बालविधवा उचलून केडगावला आणल्या. (आमच्या नगरजवळचे केडगाव नव्हे हं, दौंडजवळचे. आमच्याकडचे लोक हमखास चुकतात.) शारदा सदनासाठी अमेरिकेतून जी दहा वर्षांची मदत कबूल झाली होती, तिची मुदत १८९८ साली संपत आली होती. हिशेबी माणसाने अशा वेळी दार लावून घेतले असते. रमाबाईंनी ते उघडले. रोज प्रार्थना करायच्या, आणि रोज विहिरी, शेती, विणकाम, छापखाना यांचा तपशील स्वतः बघायच्या. प्रार्थना आहे म्हणून विहीर नको असे त्या म्हणाल्या नाहीत, याची मला त्या गृहस्थांच्या संदर्भात फार आठवण येते. शेवटी सगळे ज्या मनोरमेवर सोपवायचे होते, तीही १९२१ साली गेली. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवत होत्या, ते काम त्यांनी हातावेगळे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. इतके नकार ज्या बाईने पचवले तिने ते स्तोत्र १३१ मराठीत उतरवताना कलम किती वेळ थांबवले असेल, असे माझ्या मनात येते.

असो. फार लांबले. पण एक राहिले, ते सांगते.

धाकटी रोज रात्री गुडघे टेकून म्हणते, ‘‘देवा, पप्पांना नवी किडनी दे.’’ दोन महिन्यांपूर्वी रात्री अकराला पुण्याहून फोन आला. किडनी उपलब्ध आहे, ताबडतोब निघा. मुलांना सासूबाईंजवळ ठेवून आम्ही भाड्याच्या गाडीने निघालो. तिथे गेल्यावर कळले, हे दुसऱ्या नंबरवर आहेत. पहिल्याच्या तपासण्या जुळल्या नाहीत तर ह्यांना. पहाटे पाचला सांगण्यात आले, जुळल्या. आम्ही चहा घेतला आणि परत निघालो. शिरूरपर्यंत दोघे एक शब्द बोललो नाही. मग हे म्हणाले, ‘‘त्या बाहेर बसलेल्या त्याच्या बायकोचा चेहरा बघितलास का? सुटल्यासारखी रडत होती.’’

धाकटीला सगळे सांगितले. खोटे सांगायचे नाही, असे आम्ही आधीच ठरवले होते. ती म्हणाली, ‘‘मी मागितली आणि देवाने दुसऱ्यांनाच दिली?’’ त्या रात्री तिने प्रार्थना केली नाही. गुडघे टेकले, पण खिडकीकडे पाठ करून. तिच्या मते देव खिडकीतून येतो. थोरला तिला रागावायला निघाला, मी त्याला खुणेने थांबवले. तिने पाठ फिरवली होती, पण खोलीतून गेली नव्हती. तीन रात्री हेच चालले.

चौथ्या दिवशी भांडी विसळताना माझ्या मागे येऊन उभी राहिली. ‘‘आई, किडनी येते कुठून? दुकानातून?’’

याची मला भीती होतीच. मी हात पुसले, तिला ओट्यावर बसवले आणि सांगितले. एखाद्या घरातले माणूस अपघातात जाते, त्याचा मेंदू थांबतो, पण बाकीचे अवयव यंत्रावर थोडा वेळ चालू असतात, आणि त्या घरचे लोक रडत असतानाच म्हणतात की आमच्या माणसाची किडनी दुसऱ्या कुणालातरी द्या. ती बराच वेळ पाय हलवत बसली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे मी रोज मागते तेव्हा कुणीतरी मरावं असं मागते?’’

मैत्रिणींनो, बी.ए. होऊन आणि इतकी वर्षे बायबल वाचूनही माझ्याजवळ याचे सरळ उत्तर नव्हते. मी म्हटले, ‘‘नाही गं. कुणी मरावं असं नाही मागायचं. पण जे गेले त्यांच्या घरच्यांना द्यायचं सुचावं, असं मागता येईल.’’ तिला ते पटले की नाही, कळले नाही. ती उतरली, पप्पांकडे गेली आणि मधमाशी ऐकत बसली.

त्या रात्री तिने तोंड पुन्हा खिडकीकडे केले. प्रार्थना मात्र बदललेली होती. आधी ज्या घरी माणूस गेले त्यांच्यासाठी. मग त्या दुसऱ्या काकांची किडनी नीट चालावी म्हणून. ती चालली का, हे आम्हांला कधी कळणार नाही, नाव-गाव काही सांगत नाहीत. मग शेजारच्या मांजरीसाठी. आणि सगळ्यांत शेवटी, जरा घुश्श्यातच, ‘‘आणि आमचा नंबर विसरू नकोस.’’